कुत्रा चावला, गुन्हा कोणाचा?

सोसायटीत एखाद्याचा पाळीव कुत्रा कोणाला चावला की पहिली चौकशी होते ती जातीची. पिटबुल होता का? रॉटवायलर? मग कोणीतरी सांगतो की त्या जातींवर बंदीच आहे. दुसरा म्हणतो, पाचशे रुपये दंड भरला की मालक सुटतो. तिसऱ्याचं म्हणणं, पहिल्यांदाच चावलाय, केस होत नाही. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्यांचा फटका दोन्हीकडे बसतो. ज्याला चावलं तो पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, आणि ज्याचा कुत्रा आहे त्याला आपण काय चुकवलं हे कधी कळत नाही.

या विषयातलं मुख्य कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. १ जुलै २०२४ पूर्वी तेच भारतीय दंड संहितेत कलम २८९ म्हणून होतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत संभवत असेल, तर ती टळेल एवढी खबरदारी घेणं हे ताबा असणाऱ्याचं काम आहे. जाणूनबुजून असो की हलगर्जीपणाने, ती घेतली नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कलमात कैद एवढीच होती, दंड मात्र १,००० रुपयांपर्यंतच होता.

या कलमात कुत्रा हा शब्दसुद्धा नाही. मारका बैल, हत्ती, कुत्रा, सगळे त्यात येतात. प्राण्याचा स्वभाव कसा आहे हे न्यायालय बघतं ते एवढ्यासाठीच की माणसाला धोका कळायला हवा होता का आणि कळल्यावर त्याने काय केलं.

‘त्या जातींवर बंदी आहे, ते कुत्रे पाळणं हाच गुन्हा’

हा समज मार्च २०२४ मध्ये पसरला. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्चला राज्यांना पत्र पाठवलं: पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, मास्टिफ अशा २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री यांना परवानगी देऊ नये, आणि घरात आधीच असलेल्यांची नसबंदी करावी. बातमी घराघरात पोचली. पुढचं फारसं पोचलं नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला ते पत्र रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेताच ते काढलं होतं. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही. आणि त्या पत्रानेसुद्धा आधीच पाळलेला कुत्रा घरी ठेवणं हा तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा ठरवला नव्हता.

ही कल्पना बहुधा ब्रिटनमधून आली आहे. तिथे १९९१च्या कायद्याने पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो हे चार प्रकार पाळण्यावरच बंदी घातली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून सूटपत्राशिवाय एक्सएल बुली बाळगणंही गुन्हा झालं. आपल्याकडच्या दंड कायद्यात अशी यादी नाही. म्हणून आपलं लॅब्राडॉर किंवा देशी कुत्रं आहे, आपल्याला काय भीती, असं मानणाराही चुकतो. पट्टा सोडलेल्या लॅब्राडॉरने एखाद्या पोराचा गाल फाडला, तर कुत्रा कोणत्या जातीचा होता यावर मालकाचा बचाव उभा राहत नाही.

‘पहिलाच चावा माफ असतो’

माफ नसतो. कलम २९१ नीट वाचलं तर चावा घडलाच पाहिजे अशीही अट त्यात नाही. संभाव्य धोका आणि अपुरी खबरदारी एवढ्यावर गुन्हा उभा राहतो. मात्र धोका संभाव्य होता हे पुराव्याने दाखवावं लागतं आणि तिथे जुना इतिहास कामी येतो. दूधवाल्याच्या अंगावर गेला होता, शेजारणीने सचिवांकडे लेखी तक्रार केली होती, व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलणं झालं होतं, तरी कुत्रा जिन्यात मोकळाच. अशा वेळी ‘मला कल्पना नव्हती’ म्हणायला जागा उरत नाही.

फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावली की आपण मोकळे, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. पाटी लावणं चांगलंच आहे, जरूर लावावी. पण ती वाचून सिलिंडर आणणारा माणूस काय करणार? त्याला आत यावंच लागतं. कुत्रा बांधायचं काम मालकाचं आहे, पाटी ते करत नाही. उलट कुत्रा चावरा आहे हे मालकाला माहीत होतं, एवढं ती पाटीच सांगते. लसीकरणाचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना यांचंही तसंच. दोन्ही हवेतच, पण लस रेबीज अडवते, दात अडवत नाही.

‘दंड भरला की विषय संपला’

मुंबईतले दोन निकाल इथे सांगायला हवेत. पहिली घटना २०१० ची, दक्षिण मुंबईतली. दोघांचा रस्त्यात वाद चालला होता आणि एकाचा रॉटवायलर त्याच्या गाडीत होता. दार उघडू नका असं सांगूनही त्याने ते उघडलं. कुत्रा बाहेर आला आणि समोरच्या वृद्ध गृहस्थांना अनेक ठिकाणी चावला. २०२३ मध्ये गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी मालकाला ३ महिन्यांची कैद सुनावली. दुसरी घटना वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमधली, २०१८ ची. लिफ्टमध्ये एक माणूस आपल्या लहान मुलाला घेऊन उभा होता. मुलाला कुत्र्याची भीती वाटते, थांबा, असं त्याने विनवलं. मालकाने ऐकलं नाही, कुत्र्याला आत ओढलं आणि कुत्रा त्या बापाच्या हाताला चावला. २०२५ मध्ये मालकाला ४ महिन्यांची शिक्षा झाली.

दोन्ही ठिकाणी समोरच्याने आधी सांगितलं होतं. दार उघडायचं की नाही, आत शिरायचं की पुढच्या लिफ्टसाठी थांबायचं, हे मालकाच्या हातात होतं. शिक्षा झाली ती त्या निर्णयाची. आणि आणखी एक गोष्ट मनाला लागते: पहिल्या निकालाला १३ वर्षं लागली, दुसऱ्याला ७. शिक्षा किरकोळ असते हा समज लोकांत घट्ट बसला आहे त्याचं खरं कारण कलमापेक्षा या विलंबात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारपाजारच्यांना तक्रार आठवते. निकाल लागेपर्यंत निम्मी बिऱ्हाडं बदललेली असतात.

शिवाय २९१ हे एकटं कलम नाही. निष्काळजी कृत्याने जबर दुखापत झाली तर कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबर दुखापत म्हणजे हाड मोडणं, दात पडणं, डोळा जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, किंवा १५ दिवस तीव्र वेदना असणं वा रोजचे व्यवहार बंद पडणं. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवसांची होती. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या जबड्याच्या उंचीवर येतो, त्यामुळे मुलांच्या बाबतीत मामला पटकन या व्याख्येत जातो. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर कलम १०६ आहे, तिथे ५ वर्षांपर्यंत शिक्षा.

मुद्दाम अंगावर सोडणं हा तर निराळाच गुन्हा. प्राण्याचा वापर करून इजा करणं कलम ११८ मध्ये शस्त्राच्या बरोबरीने धरलं आहे: साध्या दुखापतीला ३ वर्षांपर्यंत, जबर दुखापतीला किमान १ वर्षापासून जन्मठेपेपर्यंत. एवढंच काय, खुनशी कुत्र्याचं मुसकं सोडायला हात घालून समोरच्याला हल्ल्याची भीती घालणं हासुद्धा कायद्याच्या भाषेत हमला आहे. संहितेतच ते उदाहरण म्हणून दिलं आहे. ‘छू म्हणायचा अवकाश’ असं भांडणात दटावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘पोलीस घेत नाहीत, आपसांत मिटवून टाका’

कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास करायचा आहे. एनसीची पावती देऊन परत पाठवण्याचा हा प्रकार नाही. तो जामीनपात्र आहे, त्यामुळे मालकाला बहुधा लगेच जामीन मिळतो. जामीन म्हणजे सुटका असा अर्थ काढून लोक निराश होतात, तो काढू नये. आणि कायद्याने ज्या गुन्ह्यांत तडजोड करता येते त्यांच्या यादीत हे कलम नाही. उपचाराचा खर्च मालकाने दिला, उत्तमच, द्यायलाच हवा. पण एकदा गुन्हा नोंदला गेला की तो मिटवण्यासाठी दोघांना उच्च न्यायालयात जावं लागतं.

‘कुत्रा माझा नाही, मुलाचा आहे’ हेही चालत नाही. कलमातला शब्द ताबा हा आहे. परगावी गेलेल्या मुलाचा कुत्रा सांभाळणारे वडील, फिरवायला नेणारा नोकर, सुट्टीत कुत्रे ठेवून घेणारा व्यावसायिक, त्या क्षणी ज्याच्या हातात साखळी त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना मात्र सरसकट मालक ठरवता येत नाही. खाऊ घालायचं असेल तर दत्तकच घ्या, अशा अर्थाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली.

राहिला राग. कुत्रा चावला म्हणून त्याला विष घालणं, काठीने पाय मोडणं हे आजही गावोगावी होतं आणि कायद्याने माफ असल्यासारखं बोललं जातं. कलम ३२५ खाली प्राण्याला मारणं, विष देणं किंवा अपंग करणं यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे कलम २९१ च्या कितीतरी पट. अंगावर आलेला कुत्रा हाकलताना, स्वतःला किंवा मुलाला वाचवताना हातातली छत्री त्याला लागली, तर ती वेगळी गोष्ट. तेवढी मोकळीक कायदा देतो. दुसऱ्या दिवशी जाऊन घेतलेल्या सूडाला तो ती देत नाही.

ज्याला चावलं त्याने आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथला केसपेपर, जखमेचे फोटो, जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी सोसायटीकडे केलेला लेखी अर्ज, आणि त्या कुत्र्याबद्दल आधी कोणी तक्रार केली असेल तर तिची प्रत, एवढं घेऊन पोलीस ठाण्यात जावं.