तांबडा दिवा
तेल नवे, फिल्टर मात्र जुनाच, ही काटकसर पुष्कळ घरांत चालते. फिल्टर तुंबला की आतली झडप उघडते आणि न गाळलेले तेल इंजिनभर फिरते. दिवा काही लागत नाही. म्हणून गेल्या दिवाळीत पुण्याला निघण्याआधी आमच्या चिमुकल्या मोटारीला पनवेललाच नवा फिल्टर बसवून घेतला. आणि बोरघाटात नेमका तेलाचा तांबडा दिवा लागला! उतरून पाहतो तो खाली धार. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली होती, तिच्यावरच नवी चढली; तेल अडणार कसे? इंजिन तत्काळ बंद केले म्हणून वाचले. आता जुनी रिंग निघाली ना, हे सौ. स्वतः वाकून पाहते. नवीला तेलाचे बोट लावायचे, फिल्टर हातानेच आवळायचा, इंजिन दोन मिनिटे चालवून पुन्हा खाली डोकवायचे. मेकॅनिक हसतो. हसेना का!