पुस्तकातल्या वाटा – लेखांक ६ : झाशीच्या तटाच्या आत आणि बाहेर

१८५७ सालच्या मार्च महिन्यात पेणजवळच्या वरसई गावातून दोन भिक्षुक निघाले आणि पुणे-नगरच्या रस्त्याने उत्तरेकडे गेले. त्याच वर्षी जूनमध्ये जनरल वुडबर्नच्या हाताखाली इंग्रजांची एक फौज पुण्याहून नगर-औरंगाबादच्या दिशेने निघाली. भिक्षुकांना दक्षिणा मिळवायची होती, फौजेला बंड मोडायचं होतं. या फौजेतल्या चौदाव्या ड्रॅगून घोडदळाचे आणि मुंबईच्या पंचविसाव्या पलटणीचे लोक पुढच्या वर्षी झाशीच्या तटाबाहेर उभे राहिले, तेव्हा ते दोन भिक्षुक तटाच्या आत कोंडलेले होते. आतली हकिगत आणि बाहेरची हकिगत अशी दोन वेगवेगळी पुस्तकं आज आपल्या हाती आहेत. ती शेजारी ठेवून वाचली की फिरस्त्या वाचकाला इतिहास कसा वाचावा याचा धडाच मिळतो.

गेल्या आठवड्यात आपण लॉर्ड व्हॅलेन्शियाने १८०४ मध्ये पाहिलेलं दुसऱ्या बाजीरावाचं पुणे पाहिलं. तो परक्याने केलेला प्रवास होता. या वेळी आपल्याच माणसाने, आपल्याच भाषेत लिहिलेला प्रवास घेऊ : विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’.

कर्ज फेडायला निघालेला माणूस

विष्णुभट तेव्हा ऐन तिशीत होते. घरात कर्ज आणि मिळकत बेताची. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि दानधर्म मोठा होणार आहे. विष्णुभटांनी चुलते रामभट यांच्यासह जायचं ठरवलं. खंडाळा ते पुणे ही आगगाडी सुरू व्हायला अजून वर्षाहून अधिक अवकाश होता. ती धावली जून १८५८ मध्ये. त्यामुळे पायांचा आणि मुक्कामाच्या धर्मशाळांचाच भरवसा होता.

या प्रवासाचं कारण लक्षात ठेवायला हवं, कारण लेखकाची नजर त्यातूनच घडली आहे. विष्णुभट लढाई पाहायला गेले नव्हते. कुठे यजमान मिळेल, दक्षिणा किती मिळेल, जेवण कुणाकडे होईल, वाटेत चोरांचं भय किती, या गोष्टींकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. म्हणूनच दरबारी कागदांत न सापडणारा १८५७ चा हिंदुस्थान त्यांच्या पुस्तकात सापडतो. श्रीमंतांच्या घरचे विधी, दानाच्या पद्धती, गावोगावच्या मराठी कुटुंबांचं जाळं आणि ओळखीपाळखीवर चालणारा प्रवास हे सगळं त्यात आहे. झाशीसारख्या दूरच्या शहरातही केशवभट मांडवगणे यांच्यासारख्यांचं घर त्यांना आसरा देतं. उत्तरेत मराठी सत्ता पसरली तिच्यामागोमाग माणसं कशी वसली, हे समजायला या पुस्तकाइतकं जिवंत साधन मराठीत दुसरं नाही.

महूजवळ त्यांना शिपाई भेटतात आणि उठावाची वार्ता देतात. ती सांगताना विष्णुभट चौऱ्याऐंशी कलमांची गोष्ट सांगतात : हिंदूंचा धर्म बुडवण्यासाठी सरकारने अशी कलमं काढली आणि राजेरजवाड्यांपुढे ठेवली, असं शिपाई त्यांना सांगतात. असा कायदा कधीच झाला नव्हता. म्हणून ही पानं उलटून पुढे जावं काय? मुळीच नाही. काडतुसांमुळे धर्म बुडेल हा संशय जानेवारी १८५७ पासून छावण्यांत पसरत होता. तो रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचं रूप कसं बदललं होतं, हे विष्णुभटांमुळे कळतं. सरकारी कागद काय घडलं ते सांगतात. लोक काय खरं मानून जिवावर उदार झाले, हे जाणायला अशा कानावर पडलेल्या गोष्टीच लागतात. अफवेला घटनेचा पुरावा मानू नये, पण भीतीचा पुरावा जरूर मानावा.

तटाच्या आत

सर ह्यू रोज याच्या फौजेने १८५८ च्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाशीला वेढा घातला. १ एप्रिलला मदतीला आलेल्या तात्या टोपे यांचा बेतवेच्या काठी पराभव झाला, ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले आणि त्यानंतर राणी लक्ष्मीबाई रात्रीच्या अंधारात किल्ल्याबाहेर पडल्या. इतिहासाच्या पुस्तकात हे चार ओळींत येतं. विष्णुभटांनी हे दिवस शहरात राहून काढले. तोफांचे गोळे पडताना रात्री कशा जात, हलवाईपुऱ्याला आग कशी लागली, लपलेल्या जागी तहान कशी सोसली, हे ते सांगतात. लुटीचा क्रमही त्यांच्या लक्षात राहिला आहे : आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह नष्ट झाल्याचं दुःख तर त्यांनी घरातलं माणूस गेल्यासारखं सांगितलं आहे.

झाशी पडल्यानंतरचा एक प्रसंग मराठी वाचकाला पाठ असतो. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी घोड्यावरून आलेली, धुळीने माखलेली, तहानलेली राणी त्यांना भेटते आणि त्यांना कष्ट न देता स्वतःच पाणी काढते. चरित्रांत राणीचं शौर्य भरपूर आहे. थकलेली राणी फक्त इथे आहे.

मथुरेचा यज्ञ त्यांना लाभला नाही. मिळवलेला पैसा लुटला गेला. तरी चित्रकूट, अयोध्या, काशी अशी तीर्थं करत, आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले.

तटाबाहेर

आता दुसरं पुस्तक. थॉमस लो हा मद्रास सॅपर्स अँड मायनर्स या तुकडीबरोबरचा इंग्रज डॉक्टर. औरंगाबादपासून ग्वाल्हेरपर्यंतच्या मोहिमेचा त्याचा इंग्रजी वृत्तांत १८६० मध्ये लंडनला छापला गेला. घटनांनंतर अवघ्या दोन वर्षांत लिहिल्यामुळे मुक्काम, तारखा आणि फौजेच्या हालचाली यांसाठी तो विष्णुभटांपेक्षा अधिक भरवशाचा आहे. मात्र राणीविषयी त्याची भाषा कडवट आहे आणि झाशीच्या लोकांवर ओढवलेला प्रसंग त्याला योग्य शिक्षा वाटतो. या रागालाही कारण होतं : जून १८५७ मध्ये झाशीच्या जोखनबागेत सुमारे साठ युरोपियन मारले गेले, त्यांत बायकामुलंही होती. हे माहीत नसेल तर १८५८ मध्ये शहरात घुसलेल्या इंग्रज फौजेने केलेली कत्तल निव्वळ क्रौर्य वाटते. आणि तेवढंच माहीत असेल तर ती न्याय्य वाटू लागते. दोन्ही वाचनं अपुरी आहेत.

दोन्ही बाजूंची पानं समोरासमोर ठेवली की काय होतं? सर ह्यू रोजच्या अहवालात सैनिकांनी आपल्या शिध्यातून बायकामुलांना खायला दिल्याची नोंद आहे. विष्णुभटांच्या पानांवर घराघरांतून ओढून मारलेले पुरुष आहेत. इंग्रजी वृत्तांत मृतांना बहुधा बंडवाल्यांत मोजतो. विष्णुभट त्यांना शेजारी आणि यजमान म्हणून ओळखतात. आणि काही ठिकाणी दोघांचं एकमत होतं. झाशीच्या विहिरींत जीव गेलेल्या बायका दोन्हीकडे आहेत. तोफांच्या मोर्चांवर राबणाऱ्या बायका रोजने स्वतः नोंदवल्या आहेत. ज्यांना एकमेकांचं काही भलं दिसत नाही असे दोन साक्षीदार जिथे एकच गोष्ट सांगतात, तिथे पाय घट्ट रोवून उभं राहता येतं. प्रवासवर्णनातून इतिहास काढायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

पुण्याने राखलेलं बाड

‘माझा प्रवास’ची प्रत विकत घेण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या, कारण या पुस्तकाला दोन रूपं आहेत. विष्णुभट हे कल्याणच्या वैद्य घराण्याचे उपाध्याय. त्या घरातले इतिहासाचे अभ्यासक चिंतामण विनायक वैद्य यांनी त्यांना आठवणी लिहून काढायला लावलं. प्रवासाला तेव्हा पंचवीसएक वर्षं होऊन गेली होती. आपल्या हयातीत हे छापू नये, अशी विष्णुभटांची इच्छा होती. इंग्रजी अमलात ती भीती रास्तच होती. त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली वैद्यांनी पुस्तक काढलं. मात्र छापताना त्यांनी भाषा सफाईदार केली, काही मजकूर गाळला आणि काही आपला घातला. अनेक दशकं महाराष्ट्राने हेच रूप वाचलं.

मूळ मोडी बाड पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आलं. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने घराघरांतल्या पेट्यांत पडलेले कागद जमवण्याचं व्रत घेतलं होतं. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी त्या बाडावरून मूळ संहिता सिद्ध केली आणि १९६६ साली पुण्याच्या व्हीनस प्रकाशनाने ती प्रसिद्ध केली. पहिलं पुस्तक आलं त्याला तेव्हा जवळपास साठ वर्षं झाली होती. विष्णुभटांचा खरा आवाज, त्यातल्या ओबडधोबड वाक्यांसह, आपल्याला मिळाला तो या कामामुळे. वैद्यांनी लिहून घेतलं नसतं तर पुस्तकच नसतं. आणि बाड जपलं गेलं नसतं तर त्यातलं मूळ किती आणि नंतरचं किती, हे कुणाला सांगता आलं नसतं. दोघांचंही ऋण मोठं आहे.

तिसरं पुस्तकही जोडीला हवं : दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी लिहिलेलं राणी लक्ष्मीबाईंचं मराठी चरित्र. ते १८९४ चं, म्हणजे विष्णुभटांचं पुस्तक छापण्याआधीचं. कागदपत्रं गोळा करून उभं केलेलं हे काम प्रवाशाच्या आठवणींना आधार देतं आणि काही ठिकाणी लगामही घालतं. पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. म्हणजे झाशीची गोष्ट शोधू पाहणाऱ्याला बरीच वाट पुण्यातच चालता येते.

वाचायचं कसं

माझी शिफारस अशी. प्रथम पोतदारांची संहिता एका दमात वाचा, टिपणं न काढता. मग नकाशा पसरून मुक्काम खुणावत दुसरं वाचन करा. प्रत्येक मोठ्या प्रसंगाशी थांबून विचारा : हे लेखकाने स्वतः पाहिलं की ऐकलं? लिहिलं केव्हा? कुणाच्या भीतीने किंवा कुणाच्या प्रेमाने काही राहून गेलं असेल? विष्णुभटांच्या तारखा आणि आकडे पारखून घ्या, कारण आठवण जुनी आहे. पण जेवणखाण, विधी, नातीगोती, तहान आणि भय यांविषयी ते सांगतात त्यावर विश्वास ठेवा. ते त्यांनी भोगलेलं आहे. त्यानंतर पारसनीस, आणि इंग्रजी वाचत असाल तर लो.

शक्य असेल तर प्रत्यक्ष जा. पुण्याहून सुटणारी झेलम एक्सप्रेस दौंड, नगर, मनमाडवरून झाशीला जाते. स्थानकाचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी आहे. किल्ल्यावर सगळेच जातात. तुम्ही खाली शहरात, जुन्या वेशींच्या आतल्या गल्ल्यांतही फिरा, कारण विष्णुभटांचं पुस्तक त्या गल्ल्यांचं आहे.

पुढच्या आठवड्यात समुद्र ओलांडू : पंडिता रमाबाईंचं १८८९ मधलं अमेरिकेवरचं पुस्तक. तोवर एक विनंती. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांच्या हातची एखादी यात्रेची वही, मोडीतली हकिगत किंवा प्रवासखर्चाची टाचणं असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. वाचता येत नसतील तर मोडी जाणणाऱ्याला दाखवा आणि जपणाऱ्या संस्थेकडे पोहोचवा. विष्णुभटांचा प्रवासही एकेकाळी अशाच एका घरातलं बाड होता.