रात्रींचें काम झालें कीं नाहीं?



१ एप्रिल २०१० पासून भारतांतील बँका बचतखात्याचें व्याज रोजच्या शिलकेवर आकारतात. लक्षावधि खात्यांच्या या हिशेबासाठीं कोणी कारकून रात्रभर दिवा लावून बसत नाहीं. संगणक तें काम ठरल्या वेळीं आपण होऊन करितो. ती आज्ञा त्यास कशी दिलेली असते, आणि ती पाळली गेली हें कसें ओळखावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

सारी माहिती ओळी व रकाने असलेल्या तक्त्यांत ठेवावी, ही कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडिली. अशा कोठारास रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्याला आगाऊ दिलेली आज्ञाहि बहुधा तक्त्यांतील एक ओळच असते! पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसास 'पीजी-क्रॉन' ही जोड दिली, म्हणजे मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशा पांच खुणांनीं वेळ सांगतां येते. पहिल्या दोन जागीं शून्य व पुढें तीन तारका लिहिल्या कीं 'दररोज मध्यरात्रीं' असा अर्थ होतो. परंतु मध्यरात्र कोणाची? वेगळें सांगितलें नाहीं तर हें घड्याळ ग्रिनिचचें. आपल्याकडे तेव्हां पहांटेचे ५-३० वाजलेले असतात.

याहून नाजूक प्रश्न काम अर्ध्यावर तुटण्याचा. निम्म्या खात्यांस व्याज मिळालें आणि वीज गेली, तर? म्हणून सारें काम एका गांठींत बांधितात: होईल तर पुरें, नाहीं तर मुळींच नाहीं. पण सकाळीं कोणी घाईनें तें पुन्हां चालविलें, तर व्याज दुप्पट! यासाठीं खातें व तारीख यांची जोडी दुसऱ्यांदा नोंदलीच जाऊं नये, असा निर्बंध तक्त्यावरच घालावा. माणसाच्या सावधपणापेक्षां माझा या निर्बंधावर अधिक भरंवसा आहे.

फसलेलें काम निदान चुकीची नोंद मागें ठेवितें. सुरूच न झालेलें काम कांहींच ठेवीत नाहीं. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वींच्या आवृत्त्यांत वेळापत्रक पाहणारा भाग मुळांत बंद असे. आज्ञा व्यवस्थित नोंदलेली, मात्र ती वाचणारा कोणी नाहीं! यास्तव सकाळीं 'कांहीं चूक आली काय?' असें विचारूं नये. काल रात्रींची ओळ आहे काय, तींत किती खातीं नोंदलीं आहेत, आणि बँकेंत खातीं किती, हें पाहावें.