जिंकलेलीं रणें, हरलेलें युद्ध

‘गड आला पण सिंह गेला’ हे शब्द महाराष्ट्रांत शाळेंतल्या मुलालाहि पाठ असतात. सिंहगडावर मोल भारी पडलें खरें, परंतु निदान गड तरी हातीं आला. ज्या लढाईंत सिंहहि जातो आणि जिंकलेला गडहि सोडून चालतें व्हावें लागतें, तिला काय म्हणावें? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत, म्हणजे १७७५ पासून १७८३ पर्यंतच्या झगड्यांत, इंग्रजांच्या वांट्याला असे विजय पुन्हा पुन्हा आले. मैदानें त्यांनीं मारलीं आणि तेरा वसाहती गमावल्या. हें कोडें सुटण्यासाठीं त्यांतल्या दोन लढाया तरी बारकाईनें पाहावयास हव्यात.

पहिली बोस्टनची. १९ एप्रिल १७७५ रोजीं लेक्सिंग्टन व काँकर्ड येथें पहिल्या चकमकी झडल्या आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकरी बंदुका घेऊन बोस्टन शहराभोंवतीं जमा झाले. शहरांत इंग्रज सैन्य कोंडलें गेलें. बोस्टनच्या उत्तरेस, नदीच्या पलीकडे, चार्ल्सटाउनचें द्वीपकल्प आहे. त्यावर बंकर हिल नांवाची टेकडी व तिच्यापुढें, शहराच्या अधिक जवळ, ब्रीड्स हिल ही बुटकी टेकडी. १६ जूनच्या रात्रीं कर्नल प्रेस्कॉट सुमारें बाराशें माणसें घेऊन निघाला. हुकूम होता बंकर हिलवर मोर्चा बांधण्याचा. बांधला गेला तो ब्रीड्स हिलवर. असें कां झालें याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. गंमत अशी कीं, लढाई झाली एका टेकडीवर आणि इतिहासांत नांव राहिलें दुसरीचें.

पहाटेस इंग्रजांच्या युद्धनौकेवरील पहारेकऱ्यांना टेकडीवर नवी मातीची तटबंदी दिसली. सेनापति गेज याच्या मंडळींत खल झाला. द्वीपकल्प मुख्य भूमीला एका अरुंद पट्टीनें जोडलेलें होतें. तेथें मागच्या बाजूस सैन्य उतरवून वाट रोखावी, म्हणजे टेकडीवरचे लोक आपोआप पिंजऱ्यांत सांपडतील, असें जनरल क्लिंटन यानें सुचविलें. सल्ला शहाणपणाचा होता, पण मानला गेला नाहीं. शेतकऱ्यांच्या जमावासाठीं एवढा वळसा कशाला, ही घमेंड त्यामागें असावी. १७ जूनच्या दुपारीं जनरल हाउ यानें समोरूनच चढाई केली.

त्या काळची बंदूक शंभर पावलांपलीकडे फारशी कामाची नसे, व ती भरावयास वेळ लागे. म्हणून शिकलेलें पायदळ रांगा धरून पुढें सरके आणि शेवटीं संगिनींनीं निकाल लावी. टेकडीवरच्या शेतकऱ्यांजवळ संगिनी थोड्या आणि दारूगोळा त्याहून थोडा. त्यामुळें शत्रु अगदीं जवळ येईपर्यंत बार काढावयाचा नाहीं, अशी त्यांना सक्त ताकीद होती. जून महिन्याचें ऊन, कमरेएवढें गवत, मधून मधून कुंपणें आणि अंगांत जाड लोंकरीचे लाल डगले, अशा स्थितींत इंग्रजी रांगा वर चढल्या. जवळून सुटलेल्या बारानें पुढची रांग पडली. रांगा खालीं आल्या, पुन्हा चढल्या, पुन्हा पडल्या. तिसऱ्या खेपेस वरच्यांची दारू संपली आणि इंग्रज तटाच्या आंत घुसले. डॉक्टर जोझेफ वॉरन हा वसाहतवाल्यांचा लाडका पुढारी तेथेंच पडला.

टेकडी इंग्रजांची झाली. हिशेब मात्र असा लागला: वसाहतवाल्यांकडील मेलेले, जखमी व पकडलेले मिळून सुमारें साडेचारशें, इंग्रजांकडील २२६ ठार व ८२८ जखमी, एकूण १०५४. हल्ल्यांत उतरलेल्यांपैकीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसें एका दुपारीं गेलीं आणि त्यांत अंमलदारांचें प्रमाण फार मोठें होतें. त्या टेकडीचा पुढें उपयोग काय झाला? वेढा जसाच्या तसा राहिला. मार्च १७७६ मध्यें वॉशिंग्टननें शहराच्या दक्षिणेकडील डॉर्चेस्टरच्या उंचवट्यावर तोफा चढविल्या, तेव्हां १७ मार्च रोजीं इंग्रज गलबतांत बसून बोस्टन सोडून गेले. टेकडीहि अर्थातच मागें राहिली.

एक हजार माणसांची इंग्लंडसारख्या राष्ट्राला काय मातब्बरी, असें वाटेल. येथेंच सगळी मेख आहे. इंग्रज शिपाई वर्षानुवर्षें कवाईत करून तयार झालेला असे. तो पडला कीं त्याच्या जागीं दुसरा आणावयाचा तो तीन हजार मैलांच्या समुद्रापलीकडून, शिडांच्या जहाजांतून, महिना दोन महिन्यांच्या प्रवासानें. माणसें पुरेनात म्हणून जर्मन संस्थानिकांची पलटणें भाड्यानें घ्यावीं लागलीं. उलट वसाहतींतला शेतकरी लढाईंत हरला तरी घरीं जाई, पेरणी करी आणि पुन्हा बंदूक घेऊन येई. त्याचा पळ म्हणजे त्याचा नाश नव्हे. इंग्रजांचा मात्र प्रत्येक विजय मुद्दलांतून खर्च होत होता.

शिवाय बंकर हिलनें हाउच्या मनावर ओरखडा उठविला, असें पुष्कळ इतिहासकार मानतात. ऑगस्ट १७७६ मध्यें लाँग आयलंडवर त्यानें वॉशिंग्टनचा दणदणीत पराभव केला. परंतु ब्रुकलिनच्या मातीच्या तटांवर लगेच तुटून पडण्यास तो धजला नाहीं. २९ ऑगस्टच्या रात्रीं वॉशिंग्टन सुमारें नऊ हजार माणसांनिशीं होड्यांतून नदीपार निसटला. पुढच्या वर्षीं कॅनडांतून उतरलेल्या बर्गोइनचीहि अशीच गत झाली. १९ सप्टेंबर १७७७ रोजीं फ्रीमनच्या शेतावर मैदान त्याच्याच ताब्यांत राहिलें, पण त्याचीं सुमारें सहाशें माणसें कामास आलीं, शत्रूचीं याच्या निम्मीं. अरण्यांत नवीं माणसें कोठून येणार? १७ ऑक्टोबरला साराटोगा येथें त्यानें जवळजवळ सहा हजारांच्या फौजेनिशीं शस्त्रें खालीं ठेवलीं, आणि फेब्रुवारी १७७८ मध्यें फ्रान्स उघडपणें वसाहतींचा दोस्त झाला.

आतां दुसरी लढाई. १७८१ सालीं दक्षिणेकडील वसाहतींत लॉर्ड कॉर्नवॉलिस याचें सैन्य होतें. १७ जानेवारीस कौपेन्स येथें त्याची हलकी व चपळ तुकडी बुडाली. जनरल ग्रीन याच्या सैन्याला गांठण्याच्या ईर्षेनें कॉर्नवॉलिसनें आपले तंबू, गाड्या, सामान, सैनिकांची रम दारूसुद्धां जाळून टाकली आणि भर हिवाळ्यांत पाठलाग आरंभिला. ग्रीन डॅन नदीपार निघून गेला व कुमक मिळतांच परत फिरून गिल्फर्ड कोर्टहाउस या खेड्याशीं उभा राहिला.

१५ मार्च रोजीं इंग्रज उपाशीपोटीं सुमारें बारा मैल चालून आले. ते दोन हजारांच्या आंत, ग्रीनचे चार हजारांवर. पण त्यांतले बहुतेक कच्चे शेतकरी. ग्रीननें त्यांचा कच्चेपणाच हिशेबांत धरला. पहिली फळी कुंपणाआड. तिनें दोन बार काढावेत आणि मागें सरावें. दुसरी दाट रानांत. कसलेले शिपाई तिसऱ्या फळींत, खेड्यालगत. इंग्रजांना प्रत्येक फळी रक्त सांडून ओलांडावी लागली. शेवटीं हातघाई जुंपली तेव्हां कॉर्नवॉलिसनें तोफांचे छरे त्या गर्दींतच सोडविले व त्यांत त्याचेहि लोक पडले, असें सांगतात. ग्रीननें आपलें सैन्य मोडूं न देतां काढून नेलें. रात्रीं मुसळधार पाऊस, जखमी उघड्यावर, तंबू तर आधींच जाळलेले. इंग्रजांचे ९३ ठार, ४१३ जखमी व २६ बेपत्ता झाले होते, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक. असा आणखी एक विजय मिळाला तर सैन्यच उरणार नाहीं, अशी टीका पार्लमेंटांत फॉक्स यानें केली ती उगीच नव्हे.

सत्तरच्या आसपास अति जखमी शिपाई क्वेकर पंथीयांच्या प्रार्थनागृहांत ठेवून कॉर्नवॉलिस सुमारें दोनशें मैलांवरील विल्मिंग्टन बंदराकडे वळला. तेथें पोहोंचला तेव्हां त्याच्याजवळ लढण्याजोगे दीड हजारहि उरले नव्हते. कॅरोलायना राखण्याचें बळ सरलें म्हणून तो व्हर्जिनियांत शिरला आणि यॉर्कटाउनला येऊन बसला. ५ सप्टेंबरला फ्रेंच आरमारानें इंग्रज आरमाराला माघारें लावून समुद्राची वाट बंद केली. जमिनीवर वॉशिंग्टन व फ्रेंच. १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं सात हजारांहून अधिक माणसें शरण आलीं. कॉर्नवॉलिस आजाराचें निमित्त सांगून आलाच नाहीं. तलवार देण्यास त्यानें पाठविला तो जनरल ओहारा, गिल्फर्डला दोन जखमा झालेला.

हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्यें गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानांत आला. १५ मे १७९१ रोजीं त्यानें श्रीरंगपट्टणाजवळ टिपूच्या सैन्याला हटविलें. पण बैल मरून पडलेले, धान्य संपलेलें, पाऊस तोंडावर. पुन्हा विजय हातांत आणि पोटांत कांहीं नाहीं! मोठ्या तोफा फोडून तो परत फिरला. वाटेंत एकाएकीं घोडेस्वार दिसले; इंग्रजांना वाटलें, शत्रूच आला. ते निघाले हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजेचे पुढचे स्वार. मराठी लष्करासवें बाजार होता आणि बाजारांत धान्य होतें. भाव चढा होता, पण उपाशी सैन्यानें घासाघीस केली नाहीं. पुढच्या खेपेस मात्र त्यानें बैल, धान्य व ठाणीं यांची आधीं जुळणी केली आणि मगच फेब्रुवारी १७९२ मध्यें तो श्रीरंगपट्टणाच्या तटाशीं जाऊन उभा राहिला.