मातीचं लेह

मुंबई-पुण्याहून लडाखला गेलेला पर्यटक मुक्काम लेहमध्ये करतो, पण पाहतो ते पँगाँग, नुब्रा आणि खारदुंग ला. बाजारातून मान वर केली की दिसणारा नऊमजली राजवाडा तो फोटोत घेतो. त्याच्या पायथ्याशी टेकडीला बिलगलेलं जुनं गाव मात्र पाहायचंच राहून जातं.

राजवाडा सेंग्गे नामग्याल राजाने 17 व्या शतकाच्या पूर्वार्धात बांधला. ल्हासाच्या पोताला राजवाड्याची ही छोटी आवृत्ती, असं अनेकदा सांगितलं जातं. पण पोतालाचं आजचं बांधकाम 1645 मध्ये सुरू झालं आणि सेंग्गे नामग्याल 1642 मध्येच वारला होता. आता आवृत्ती कुणी कुणाची काढली! खाली तबेले आणि कोठारं, वर राजघराणं, अशी इथली रचना. 1834 च्या डोग्रा स्वारीनंतर राजघराणं सिंधूपलीकडे स्तोकला गेलं. आज इमारत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे.

या राजाची आई बाल्टिस्तानची मुसलमान राजकन्या, आणि हेमिसच्या बौद्ध मठाचा आश्रयदाता हाच राजा. त्यामुळे जुन्या गावाच्या तोंडाशीच 17 व्या शतकातली जामा मशीद आणि आत गल्लीत मैत्रेयाचं मंदिर, याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. काश्मीर, यारकंद आणि तिबेटचे व्यापारी याच बाजारात पश्मिना, चहा, मीठ घेऊन उतरत.

खरी गंमत घरांत आहे. खाली दगड, वर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा. छताला पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या बारीक काठ्या दाटीने रचलेल्या, त्यावर गवत आणि शेवटी माती. मराठवाड्यातलं माळवद ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पांढऱ्या मातीच्या जागी इथे ‘मरकलाक’ नावाची चिकणमाती असते, एवढाच फरक. दरवर्षी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला हे छत पुरतं. हिवाळ्यासाठीचा चारा आणि सरपण त्याच्याच कडेने रचून ठेवतात. काही गल्ल्या तर चक्क घरांच्या पोटातून जातात, उन्हाळ्यात थंडगार.

पण 2010 च्या ऑगस्टमध्ये ढगफुटी झाली, लेह परिसरात दोनशेहून अधिक माणसं गेली, आणि मातीच्या छतांवरचा भरवसा डळमळला. त्याआधीच बऱ्याच मालकांनी खाली सिमेंटची घरं बांधून जुनी भाड्याने दिली होती. मातीच्या घराला वर्षाकाठी हात लावावा लागतो. भाडेकरू तो कशाला लावेल? जगातल्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या 2008 च्या ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच’ यादीत हे गाव आलं ते उगाच नव्हे. सुदैवाने ‘तिबेट हेरिटेज फंड’ने स्थानिक गवंडी-सुतारांना हाताशी धरून इथली अनेक घरं आणि मंदिरं दुरुस्त केली आहेत. राजवाड्याखालच्या दोन जुन्या वाड्यांत आज ‘लामो’ हे कलाकेंद्र चालतं. माझ्या मते लेहमध्ये एकच वास्तू आतून पाहायची असेल, तर राजवाड्याआधी हे वाडे पाहावेत. राजवाडा बराचसा रिकामा आहे. इथे घराची मांडणी कळते.

लेहची उंची सुमारे 3500 मीटर. विमानाने गेलात तर पहिला दिवस पडून काढा, जिना चढण्याचाही उत्साह दाखवू नका. दुसऱ्या दिवशी लांबच्या गाडीत बसण्याऐवजी मशिदीमागच्या गल्लीत शिरा, सावकाश चढा, चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, लागला तर तो उजव्या हाताला ठेवून पुढे जा. आणि कुणाच्या गच्चीवरून फोटो काढायचा असेल, तर आधी ‘जुले’ (नमस्कार) म्हणून घरच्यांना विचारा.