पुस्तक आहे, पण सापडते का?

ग्रंथालयात पुस्तक असूनही ते कोणाला सापडत नसेल तर ते नसल्यासारखेच. पुस्तकाची वाचकाशी गाठ घालून देते ती त्याची नोंद. पूर्वी ती लाकडी खणांतल्या कार्डांवर असे, आज ती संगणकात असते. संगणकातली नोंद कशी काम करते ते पाहू.

कार्ड वाचताना लेखक कोण आणि शीर्षक कोणते हे आपल्याला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र 'नटसम्राट' हे लेखकाचे नाव की पुस्तकाचे, हे कळत नाही. यासाठी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम यांच्या नेतृत्वाखाली 'मार्क' ही पद्धत तयार झाली. तिच्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्याला तीन अंकी क्रमांक असतो. १०० म्हणजे मुख्य लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय. क्रमांक सर्वत्र सारखे असल्याने एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी घेता येते.

पण कप्पे ठरले म्हणजे काम संपले असे नाही. समजा, एका नोंदीत 'वि. वा. शिरवाडकर' लिहिले, दुसरीत 'विष्णु वामन शिरवाडकर' आणि तिसरीत 'शिरवाडकर वि. वा.'. आपल्याला ही एकच व्यक्ती वाटते, संगणकाला तिघे जण. शिवाय त्यांची कविता 'कुसुमाग्रज' या नावाने आहे. म्हणून ग्रंथालये नावांची वेगळी यादी ठेवतात. तिच्यात प्रत्येक नावाचे एक रूप प्रमाण मानतात, इतर रूपे त्याच्याशी जोडतात आणि टोपणनावाकडेही बोट दाखवतात. मग वाचकाने कोणतेही रूप शोधले तरी सगळी पुस्तके समोर येतात.

मराठीत आणखी दोन अडचणी आहेत. पहिली शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांपूर्वी 'कांहीं', 'नाहीं' असे लिहीत. जुन्या पुस्तकाचे शीर्षक मुखपृष्ठाच्या आतील शीर्षकपानावर आहे तसेच नोंदवायचे असते, पण आजचा विद्यार्थी 'काही' असे शोधणार. त्यासाठी २४६ या कप्प्यात शीर्षकाचे दुसरे रूपही द्यावे लागते. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'दऱ्या' या शब्दातला 'ऱ' युनिकोडमध्ये एका संकेतानेही साठवता येतो, आणि 'र' व खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधापूर्वी त्यांचे एकच रूप करून घेतले नाही, तर शब्द समोर असूनही संगणक 'सापडला नाही' असे सांगतो.

आता जुनी पुस्तके स्कॅन करून ठेवली जात आहेत. पुस्तक संगणकात आले की नोंदीची गरज उरली नाही, असे अनेकांना वाटते. खरे तर ती वाढते. कपाटापुढे रेंगाळताना एखादे पुस्तक अवचित हाती लागते. संगणकात '००४७' अशा नावाने पडलेली फाईल अशी हाती लागत नाही. स्कॅन केलेले पान म्हणजे अक्षरांचे चित्र. यंत्राने त्यातली अक्षरे ओळखली, तरी जोडाक्षरांत चुका राहतात. त्यामुळे आवृत्ती कोणती, मूळ प्रत कोठली, हक्क कोणाचे, हे माणसानेच लिहावे लागते. भारतात सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, तेव्हा हा रकाना मोकळा सोडून चालत नाही. अशा नोंदींसाठी 'डब्लिन कोअर' ही १५ घटकांची सोपी यादी आहे. तिची सुरुवात १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन येथील बैठकीत झाली.

हे वर्गातही करून पाहता येईल. शाळेच्या कपाटातली वीस पुस्तके घ्या. तीन विद्यार्थ्यांना एकमेकांचे न पाहता लेखक, शीर्षक, वर्ष आणि विषय लिहू द्या. मग याद्या शेजारी शेजारी ठेवा. बहुतेक फरक लेखक आणि विषय या रकान्यांत आढळतील. ते मिटवण्यासाठी कोणते नियम लागतील, हे मुलांनाच ठरवू द्या. त्या नियमांची वही हीच आपल्या शाळेच्या ग्रंथसूचीची सुरुवात.