दोरी ओढली की मोटर थांबते, ती कशी?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे मध्यंतरी पत्र आले. त्या राज्यात तळी हजारोंनी आहेत आणि उन्हाळ्यात माणसे होड्या घेऊन पाण्यावर असतात. या गृहस्थानेही १९५८ सालची, दहा अश्वशक्तीची, दोन सिलिंडरांची एक जुनी आउटबोर्ड मोटर विकत घेतली होती. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या आत न बसवता मागच्या फळीला बाहेरून अडकवायची मोटर. वर इंजिन, त्यातून खाली गेलेला दांडा आणि पाण्यात फिरणारा पंखा. मालवण-वेंगुर्ल्याकडे लहान होड्यांना ती लावलेली तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. मूळच्या नॉर्वेतील ओले एव्हिनरूड याने १९०९ साली मिलवॉकी शहरात अशा मोटरी बनवून विकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून त्या जगभर पसरल्या.

त्या काळच्या मोटरींना ‘किल स्विच’ नसे. हा स्विच म्हणजे मोटर तत्काळ बंद करणारी एक कळ. तिच्यात एक चिमटा खोचलेला असतो, चिमट्याला दोरी आणि दोरीचे दुसरे टोक चालकाच्या मनगटाला किंवा जीवरक्षक जाकिटाला. चालक पाण्यात पडला की दोरीला हिसका बसतो, चिमटा निघतो आणि मोटर बंद पडते. आमच्या विद्यार्थ्याने असा स्विच आणून बसवला. मग त्याने लिहिले, “सर, कारभार उलटाच झाला आहे. चिमटा जागेवर असला की मोटर सुरूच होत नाही. काढून घेतला की झकास चालते!”

वाचून मला हसू आले. पण ही गंमत जिवावर बेतणारी आहे. चालक पडल्यावर रिकाम्या होडीचे काय होते ते पाहा. पंख्याचा दांडा पाण्याच्या प्रवाहाशी थोडा कललेला असला की खाली येणारे पाते आणि वर जाणारे पाते सारख्याच जोराने पाणी ढकलत नाहीत, त्यामुळे मोटरीला एका बाजूला ओढ बसते. एरवी चालकाचा हात ती ओढ थोपवून धरतो. हात सुटला की मोटर वळते, होडी वळते आणि वळतच राहते. होडीचा वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धरा. १६ मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ५० मीटर. म्हणजे दहा सेकंदांत होडी पडलेल्या माणसाजवळ परत येते! पंखा मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल आणि त्याला तीन पाती असतील, तर एका जागेवरून सेकंदाला शंभर वेळा पाते जाते. कपड्यांसह पाण्यात पडलेल्या माणसाला दहा सेकंदांत किती दूर पोहता येईल, याचा विचार तुम्हीच करा.

आता विद्यार्थ्याच्या कोड्याकडे वळू. घरातला दिवा बंद करताना आपण मंडल तोडतो. म्हणून कोणतेही यंत्र थांबवायचे तर कुठेतरी तार तोडली पाहिजे, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. या मोटरीत मात्र उलट आहे. ती थांबवायची तर तार जोडावी लागते.

या मोटरीला बॅटरी नाही. जुन्या स्कूटरसारखी ती मॅग्नेटोवर चालते. इंजिनाच्या डोक्यावर जड फ्लायव्हील असते आणि त्यात कायम चुंबक बसवलेले असतात. फ्लायव्हीलच्या आत, न फिरणाऱ्या तबकडीवर, लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या थोड्या फेऱ्यांचे ते प्राथमिक, केसासारख्या बारीक तारेच्या हजारो फेऱ्यांचे ते दुय्यम. चुंबक गाभ्यासमोरून गेला की प्राथमिक वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होतो. फॅरेडेचा नियम तुम्ही नववी-दहावीत शिकला आहातच. हा प्रवाह दोन लहान धातूच्या टोकांमधून इंजिनाच्या सांगाड्याकडे जातो. गॅरेजमधले मिस्त्री या टोकांना ‘सीबी पॉइंट’ म्हणतात. प्रवाह भरात असताना एक उंचवटा हे पॉइंट अचानक उघडतो. प्रवाह एकदम तुटतो, गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात दहा हजार व्होल्टांहून अधिक दाब निर्माण होतो. तोच प्लगमध्ये ठिणगी पाडतो. पॉइंटशेजारचा कंडेन्सर उघडत्या टोकांमध्ये प्रवाहाला रेंगाळू देत नाही, म्हणून तुटणे स्वच्छ होते.

म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह वाहण्याने नव्हे, तो अचानक तुटण्याने. मग ठिणगी बंद करायची तर काय करावे? प्रवाहाला तुटूच देऊ नये! पॉइंटच्या उघडणाऱ्या बाजूपासून एक तार काढून ती सांगाड्याला टेकवली, की पॉइंट उघडोत वा न उघडोत, प्रवाहाला वाट मोकळीच राहते. चुंबक फिरत राहतो, प्रवाह वाहत राहतो, पण ठिणगी पडत नाही आणि दोनचार फेऱ्यांत इंजिन थंड होते.

आमच्या विद्यार्थ्याने आणला होता तो बॅटरीवरच्या प्रज्वलनाचा स्विच. बॅटरी असेल तेथे मंडल तोडूनच इंजिन थांबते. म्हणून त्या स्विचमध्ये चिमटा असताना टोके जोडलेली असतात आणि चिमटा निघाला की सुटतात. मॅग्नेटोला याच्या नेमका उलटा स्विच हवा. मी तसे कळवले. शिवाय बजावले, की या तारेला बॅटरीची तार चुकूनही लावू नकोस, वेटोळे जळून जाईल. आणि चालू मोटरीत तिला उघड्या हाताने शिवू नकोस, पॉइंट उघडताना तिच्यावरही क्षणभर काही शे व्होल्ट येतात.

पंधरा दिवसांनी दुसरे पत्र. स्विच योग्य आणला, चिमटा बसवला, तरी मोटर सुरू होईना! या खेपेस मलाही कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले. मोटरीला सिलिंडर दोन, म्हणून वेटोळी दोन आणि पॉइंटच्या जोड्याही दोन. दोन्हीकडून आलेल्या तारा त्याने स्विचच्या एकाच टोकाला जोडल्या होत्या आणि दुसरे टोक सांगाड्याला. दिसायला सगळे बरोबर. पण दोन्ही सिलिंडरांच्या ठिणग्या अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने पडतात. पहिली जोडी उघडते तेव्हा दुसरी मिटलेली असते. तारा एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे पहिल्या वेटोळ्याचा प्रवाह दुसऱ्या जोडीतून सुखाने निघून जातो. दुसरीच्या वेळी पहिली वाट देते. एकाही प्लगमध्ये ठिणगी नाही. स्विच उघडा असूनही मोटर मेलेली!

ही चूक मला फार आवडली, कारण तिच्यातच युक्ती दडलेली आहे. दोन तारा नुसत्या एकमेकींना जोडल्याने मोटर थांबत असेल, तर सांगाड्याची गरजच काय? एक तार स्विचच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला. चिमटा असेपर्यंत टोके वेगळी, चिमटा निघाला की टोके जुळली आणि मोटर बंद. मात्र एखादी जोडी तेलकट मळाने नीट मिटत नसेल तर ही युक्ती फसेल. म्हणून तीन टोकांचा, दोन्ही तारा एकदम सांगाड्यालाही टेकवणारा स्विच अधिक बरा, असे माझे मत मी त्याला कळवले. (१९७०नंतरच्या बऱ्याच मोटरींत पॉइंट नसतात, इलेक्ट्रॉनिक पेटी असते. तेथे त्या मोटरीचा नकाशा पाहूनच तार जोडावी.)

या रचनेत एक उणीव मात्र आहे. बॅटरीच्या मोटरीत स्विचची तार तुटली तर मोटर बंद पडते आणि दोष लगेच कळतो. मॅग्नेटोच्या मोटरीत तार तुटली तर मोटर मजेत चालत राहते. स्विच निकामी झाला आहे हे ज्या दिवशी माणूस पाण्यात पडेल त्या दिवशीच कळायचे. शिवाय या मोटरीत तार तुटायला कारणही हाताशी आहे. वेग वाढवताना पॉइंटची तबकडीच थोडी फिरते, त्यामुळे तार रोज वाकते आणि सरळ होते. म्हणून ती एकतारी नको, अनेक बारीक तारांची हवी आणि थोडी सैल सोडलेली हवी. स्विचच्या टोकांवर गंज चढला तरी तोच धोका. प्राथमिक वेटोळ्याचा रोध एखाद्या ओहमच्या आसपास असतो. गंजाने वाटेत त्याच्या अनेक पट रोध घातला, तर प्रवाह पुरता वाहत नाही आणि ठिणगी थोडीफार पडतच राहते. कोकणच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर घडते.

तपासणी सोपी आहे. मोटर बंद ठेवून स्विचच्या तारा वेटोळ्यांपासून सोडवा आणि मीटर लावा, किंवा बॅटरीचा सेल आणि लहान दिवा लावा. चिमटा असताना दिवा लागू नये, काढल्यावर लख्ख लागावा. मग तारा पुन्हा जोडून, होडी धक्क्याला बांधून, मोटर सुरू करून चिमटा ओढावा. हे एकदा नव्हे, दर वेळी निघण्यापूर्वी. फ्लायव्हील उतरवण्याचे काम मात्र मिस्त्रीकडेच द्यावे. त्याला खास ओढणी लागते, हातोड्याने तो निघत नाही, मोडतो. आणि एक जादा चिमटा होडीतच ठेवावा. चालक आपल्या दोरी-चिमट्यासकट पाण्यात गेला, तर मागे राहिलेल्यांना मोटर सुरू करून त्याला आणायला जाता आले पाहिजे!

अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांहून लहान आणि असा स्विच बसवलेल्या मोटरहोडीच्या चालकाने, होडी वेगात असताना तो स्वतःला जोडून घेणे कायद्याने आवश्यक झाले आहे. जुन्या मोटरीला स्विच बसवून घेण्याची सक्ती नाही. आमच्या विद्यार्थ्याने तो आपण होऊन बसवला.

त्याचे तिसरे पत्र चार ओळींचे होते. धक्क्याला बांधून तीन वेळा चिमटा ओढला, तिन्ही वेळा मोटर थांबली. चौथ्या वेळी त्याच्या सात वर्षांच्या मुलीने ओढला, न विचारता, तळ्याच्या मधोमध. तेव्हाही थांबली.